तांब्याचा हिरवा : छपरावर राखण, भांड्यात धोका

सदर : घरातलं विज्ञान



शादीचे दिवस जवळ आले की घरोघरी ठेवणीतल्या तांब्याच्या देगा बाहेर निघतात. वर्षभर पडून राहिलेल्या देगीच्या काठाला, कडीच्या खाचेत आणि बुडाशी हिरवट-निळसर थर धरलेला असतो. घरातली वडीलधारी बाई तो बघते आणि सांगते, "आधी कल्हई करून आणा, मगच चुलीवर चढवा." त्याच घरातली शाळकरी नात मोबाइलवर न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवते आणि विचारते, "दादी, हासुद्धा तांब्याचाच आहे ना? मग हा डोक्यापासून पायापर्यंत हिरवा आहे, तो कुणी घासत का नाही?"

असा सवाल मुलांनी विचारला की मला शिक्षिका म्हणून फार बरं वाटतं. कारण त्यात दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहतात. दादी म्हणते हिरवं म्हणजे जहर. अमेरिकेतले इंजिनिअर म्हणतात हिरवं म्हणजे संरक्षण. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. कारण तांब्यावरचा हिरवा एक नसतो. तांब्याला ज्याची सोबत मिळते, तसा त्याचा हिरवा तयार होतो. एक हिरवा पाण्यात विरघळत नाही, तो धातूला धरून बसतो. दुसरा सहज विरघळतो, आणि जे विरघळतं ते पोटात जातं. हा फरक समजला की कोणतं भांडं कशासाठी वापरायचं हे पाठ करावं लागत नाही, आपोआप कळतं.

आधी तपकिरी, मग काळपट, शेवटी हिरवा

नव्या तांब्याचा रंग गुलाबी-नारिंगी असतो. विजेच्या तारेचं प्लॅस्टिक सोलून पाहा, आत तोच रंग दिसेल. हा रंग उघड्यावर फार दिवस टिकत नाही. हवेतला ऑक्सिजन तांब्याशी संयोग पावतो आणि वर तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा येतो. जुन्या तांब्याच्या पैशाचा जो रंग असतो, तो हाच. पुढे महिने-वर्षं जातात तसा हा थर जाड आणि गडद होतो. हवेत गंधकाची संयुगं असतील तर काळपटपणा आणखी वाढतो. म्हणून तांब्याचं छप्पर पहिली काही वर्षं चॉकलेटी, मग जवळजवळ काळं दिसतं.

हिरवा रंग यायला पाणी लागतं, आणि पाण्याबरोबर आणखी काहीतरी. कोळसा, डिझेल जळताना धुरातून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. तो दवात आणि पावसात मिसळला की सौम्य आम्ल तयार होतं. हे आम्ल तपकिरी थराला थोडंथोडं खातं, त्यातून तांबं सुटं होतं, आणि सुटं झालेलं तांबं गंधक, ऑक्सिजन आणि पाणी यांना सोबत घेऊन पुन्हा त्याच जागी बसतं. या नव्या संयुगाला ब्रोकँटाइट म्हणतात. ते हिरवं असतं. समुद्राकाठी हवेत मिठाचे कण असतात, तिथे गंधकाच्या जोडीला क्लोराइडही येतं आणि अॅटाकामाइट नावाचं दुसरं हिरवं संयुग तयार होतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटावरून त्याला हे नाव पडलं.

ही संयुगं हिरवी का दिसतात? त्यांच्यातलं तांबं प्रकाशातला लाल भाग शोषून घेतं. मग उरलेला निळा-हिरवा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणजे लालसर धातू स्वतःच लाल प्रकाश गिळायला लागतो, आणि आपल्याला हिरवा दिसतो.

विद्यार्थ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगते. शाळेच्या पुस्तकांत साधारणपणे लिहिलेलं असतं की दमट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तांब्यावर कॉपर कार्बोनेटचा हिरवा थर येतो. असा थर येतो हे खरं आहे. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या वस्तूंवर तो विशेष सापडतो. पण उघड्यावरच्या छपरांचे आणि पुतळ्यांचे थर शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा त्यात मुख्यतः सल्फेट आणि समुद्राकाठी क्लोराइड सापडलं. परीक्षेत पुस्तकातलं उत्तर लिहा, पण मनात पूर्ण उत्तर ठेवा.

हिरवा रंग किती वर्षांत येईल हे जागेवर ठरतं. धुराच्या शहरात किंवा खाऱ्या हवेत काही वर्षांतच तो येऊ लागतो. स्वच्छ हवेच्या खेड्यात वीस-तीस वर्षंही लागतात. अगदी कोरड्या प्रदेशात तांबं कायम तपकिरीच राहू शकतं. एकाच इमारतीवरही फरक दिसतो. उतरत्या छपरावर पाणी रेंगाळतं, तिथे हिरवा आधी येतो. सरळ उभ्या भिंतीवरून पाणी लगेच ओघळून जातं, तिथे तपकिरी बराच काळ टिकतो. हवा स्वच्छ करण्याचे कायदे आल्यावर युरोप-अमेरिकेच्या शहरांत गंधकाचा धूर कमी झाला, तेव्हापासून नवं तांबं पूर्वीपेक्षा सावकाश हिरवं होतं.

हिरवा घुमट दिसला की तो तांब्याचाच, असंही समजू नका. मदीना शरीफचा घुमट तांब्याच्या थरामुळे हिरवा नाही. त्याला हिरवा रंग दिलेला आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात, उस्मानी काळात प्रथम दिला गेला. मुलं हा सवाल हमखास विचारतात, म्हणून इथे सांगून ठेवलं.

न्यूयॉर्कच्या बंदरातला पुतळा

आता नातीने दाखवलेल्या पुतळ्याकडे येऊ. तो घडवणारा फ्रेंच शिल्पकार बार्थोल्डी याच्या मनात आधी वेगळाच पुतळा होता. 1869 साली सुवेझ कालव्याच्या तोंडाशी, हातात दिवा घेतलेली इजिप्तची शेतकरी स्त्री उभी करावी, अशी कल्पना त्याने इजिप्तचे खेदिव इस्माईल पाशा यांच्यापुढे मांडली. ती पुरी झाली नाही. पुढे त्याने अमेरिकेसाठी जो पुतळा केला, त्याचं उद्घाटन 28 ऑक्टोबर 1886 रोजी झालं.

हा पुतळा भरीव नाही. आत लोखंडाचा सांगाडा आहे आणि बाहेर तांब्याच्या ठोकलेल्या पत्र्यांची कातडी. पत्र्याची जाडी सुमारे 2.4 मिलिमीटर, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकीसुद्धा नाही. उद्घाटनाच्या दिवशी पुतळा तांब्याच्या रंगाचा होता. मग तपकिरी झाला. 1900 नंतर हिरवी छटा दिसू लागली आणि 1906 पर्यंत तो जवळजवळ सगळा हिरवा झाला.

तेव्हा लोक घाबरले. पुतळा सडतोय असं वाटून सरकारने रंगकामासाठी 62,800 डॉलर मंजूर केले. बाहेरून रंग देणार ही बातमी फुटल्यावर लोकांनी विरोध केला. लष्कराच्या इंजिनिअरांनी थर तपासला आणि सांगितलं की हा हिरवा तांब्याचं नुकसान करत नाही, उलट त्याला वाचवतो. शेवटी रंग फक्त आतून दिला गेला.

त्यांचा अंदाज खरा ठरला. शंभर वर्षांनी मोजलं तेव्हा ऊन, पाऊस, धूर आणि खारं वारं सोसूनही तांब्याची झीज सुमारे 0.13 मिलिमीटर इतकीच भरली. 2.4 मधून 0.13. कारण हिरवा थर पाण्यात विरघळत नाही, धातूला घट्ट चिकटतो, आणि खालच्या तांब्यापर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही. एकदा हा थर पूर्ण बसला की झीज फार मंदावते.

बिघडलं ते आतलं लोखंड. लोखंडाचा गंज वेगळ्या जातीचा असतो. तो फुगतो, सच्छिद्र असतो, पोपडे धरून गळून पडतो आणि खालचं नवं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. त्यात लोखंड आणि तांबं ओल्या जागी एकमेकांना टेकले तर लोखंड आणखी लवकर गंजतं. हे बांधणाऱ्यांना माहीत होतं, म्हणून दोन्ही धातूंच्या मध्ये त्यांनी अस्तर घातलं होतं. ते काळाच्या ओघात निकामी झालं. 1986 च्या शताब्दीपूर्वी दुरुस्ती केली तेव्हा कातडीला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. बाहेरची तांब्याची कातडी मात्र बहुतेक तशीच राहिली. घरातही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तांब्याच्या हंड्याला लोखंडी कडी किंवा खिळा बसवला, तर आधी लोखंडच जाईल.

दोन भाषांतले दोन शब्द

आता दादीकडे वळू. मराठीत तांब्या-पितळेच्या भांड्यावर येणाऱ्या या हिरव्याला कळंक म्हणतात. त्यावरूनच क्रियापद आलं, कळकणे. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली आणि तिला विचित्र तुरट चव आली की आजही बायका म्हणतात, "कळकलं, टाकून द्या." एका शब्दात रसायनशास्त्राचा सगळा धडा आहे.

उर्दूत आणि फारसीत शब्द आहे जंगार. लोखंडाचा तो जंग आणि तांब्याचा तो जंगार. उर्दूत एका हिरव्या रंगालाच जंगारी म्हणतात. हा रंग मुद्दाम बनवला जाई. तांब्याचे पत्रे सिरक्याच्या वाफेत बंद करून ठेवायचे, काही दिवसांनी त्यावर आलेला निळसर-हिरवा थर खरवडून घ्यायचा. सिरका म्हणजे अॅसेटिक आम्ल, म्हणून हे झालं तांब्याचं अॅसेटेट. ईराणी आणि हिंदुस्थानी चित्रकारांनी हस्तलिखितांतल्या चित्रांत आणि पानांच्या चौकटींत हा रंग वापरला.

पण जंगारात खोड होती. तो कागद खातो. जुन्या हस्तलिखितांत हिरव्या रेघेच्या जागी कागद तपकिरी, ठिसूळ होऊन कापल्यासारखा फाटलेला आढळतो. ईराणी कारागिरांना हे ठाऊक होतं आणि त्यावर उपाय म्हणून जंगारात ते थोडं केशर मिसळत.

छपरावरचा हिरवा शंभर वर्षं राखण करतो आणि जंगारी हिरवा कागद फाडतो, असं का? कारण पहिल्यात तांबं जखडलेलं आहे. दुसऱ्यातलं तांबं ओल लागली की सुटं होतं आणि जिथे असेल तिथे काम करत राहतं. आपल्या स्वयंपाकघरात तयार होतो तो या दुसऱ्या जातीचा. दही, लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, सिरका, कैरी, लोणचं यांत आम्लं असतात. ती तांब्याला विरघळवतात.

चिंच कुठे जाते काळेपणा घेऊन?

तांब्याचा हंडा काळा पडला की आपण चिंच-मीठ किंवा लिंबू-मीठ लावून घासतो. हात फिरवला की लगेच गुलाबी चमक येते. काळेपणा हवेत उडून जात नाही. चिंचेतल्या आम्लाने तो विरघळवला, आणि तो त्या चिंचेच्या चोथ्यात आणि धुण्याच्या पाण्यात गेला. म्हणून तर ते पाणी निळसर-हिरवट दिसतं.

आता हेच भांड्याच्या आत होतं असं समजा. जे काम चिंच बाहेरून करते, तेच काम बिर्याणीतलं दही, कढीतलं ताक, सारातलं कोकम आतून करतं. फरक इतकाच की बाहेरचं पाणी आपण मोरीत ओततो आणि आतलं दस्तरखानावर वाढतो.

तांबं शरीराला लागतं, पण अगदी थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 2 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. आपल्या भारतीय मानकात इष्ट प्रमाण 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जातं. तांबं याहून बरंच जास्त झालं की तोंडाला धातूची चव येते, मळमळ सुरू होते, उलट्या होतात, पोटात कळा येतात. हे त्रास बहुधा खाल्ल्या-प्यायल्यावर थोड्याच वेळात दिसतात. लिंबू-सरबतासारखं आंबट पेय तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास ठेवलं, तर हे प्रमाण गाठायला फार वेळ लागत नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी दुधाचं भांडं तपासलं

वर सांगितलेला त्रास एका दिवसाचा. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तांब्याने याहून फार मोठं नुकसान केलं आहे, आणि त्याचा छडा लावण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. ही हकीकत प्रत्येक आईला माहीत असायला हवी.

आपल्या देशात पूर्वी लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. डॉक्टर त्याला इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस म्हणत. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचं मूल चिडचिडं होई, पोट फुगे, यकृत दगडासारखं टणक लागे, मग कावीळ होई, आणि बहुतेक मुलं दगावत. एकाच घरातली दोन-दोन मुलं जात. नजर लागली, करणी झाली, असं लोक समजत. यकृताचे तुकडे तपासले तेव्हा त्यात प्रमाणाच्या कित्येक पट तांबं सापडलं. सवाल एकच होता, इतकं तांबं या एवढ्याशा बाळाच्या पोटात आलं कुठून?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधल्या डॉ. टॅनर यांच्यासोबत आजारी मुलांच्या घरी त्यांना काय आणि कशातून पाजलं जातं याची बारकाईने चौकशी केली. 1983 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं काम प्रसिद्ध झालं. या मुलांना आईच्या दुधाऐवजी फार लवकर गाई-म्हशीचं दूध सुरू केलेलं होतं, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलं जात होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, म्हणजे तांबं तिथेही आलंच.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ताजं दूध आंबट नसतं. तरीही त्यातलं केसीन नावाचं प्रथिन भांड्यातलं तांबं पकडून ठेवतं. दूध हिरवं दिसत नाही, बाळ चव सांगू शकत नाही, आणि रोजचं थोडंथोडं तांबं त्याच्या यकृतात साठत जातं. त्या भांड्यातलं दूध पिणारं प्रत्येक मूल आजारी पडत नसे, म्हणून काही मुलांत जन्मजात दुबळेपणाही असावा असं तज्ज्ञ मानतात. पण भांडं बदललं आणि आजार ओसरला, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. घरोघरी स्टीलची पातेली आली, आईच्या दुधाचं महत्त्व पटलं, आणि एकेकाळी बालरुग्णालयांत नेहमी दिसणारा हा आजार आज क्वचितच आढळतो. वेळेत आलेल्या मुलांना शरीरातलं तांबं बाहेर काढणारं औषध देऊन वाचवताही आलं.

तेव्हा जुनं ते सोनं म्हणत कुणी पितळेची लोटी बाळाच्या दुधासाठी काढत असेल, तर तिला अदबीने पण ठामपणे थांबवा.

कल्हई नावाची ढाल

मग आपल्या वाडवडिलांनी शेकडो वर्षं तांब्याच्या देगीत पुलाव-बिर्याणी शिजवली, ती कशी? त्यांनी ती उघड्या तांब्यात शिजवली नाही. त्यांच्या देगीला आतून कल्हई असे.

कल्हई हा शब्द अरबीतल्या कलईवरून आला. तिचा अर्थच कथील. कल्हईवाला भांडं भट्टीवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो. हाच उर्दूतला नौशादर. त्याचा पांढरा धूर निघतो आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघून धातू स्वच्छ होतो. मग कथलाची कांडी आत टेकवायची. कथील अवघ्या 232 अंश सेल्सिअसला वितळतं. वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने झपाझप सगळीकडे फिरवलं की आतून चांदीसारखा पातळ थर बसतो. कथलावर अन्नातल्या आम्लांचा परिणाम फारच कमी होतो. तांब्याची उष्णता सगळीकडे सारखी पसरवण्याची खुबी तशीच राहते, आणि अन्न तांब्याला शिवत नाही.

छपरावर हवेने आणि पावसाने जे काम फुकट करून दिलं, तेच काम भांड्यात माणसाला हाताने करावं लागतं. बाहेर हिरव्याचा थर राखण करतो, आत कथलाचा.

पण कल्हई कायमची नसते. कालथ्याने खरवडून, घासणीने घासून ती झिजते. आत लालसर डाग दिसू लागले की समजायचं, तांबं उघडं पडलं. रिकामं भांडं आचेवर राहिलं तर कल्हई वितळून ओघळते, म्हणून आधी तेल किंवा पाणी घालावं, मग आच लावावी. कथलात शिसं मिसळलेलं नसावं, कारण शिसं तांब्यापेक्षा कितीतरी घातक आहे. ओळखीच्या, विश्वासाच्या कारागिराकडूनच काम करून घ्यावं आणि दोन पैसे जास्त मागितले तर द्यावेत. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली आहेत. भाड्याने देगा आणणाऱ्यांनी आणि बावर्चींनी हे विशेष लक्षात घ्यावं. एका देगीत शेकडो माणसं जेवतात.

तांब्याच्या बाटलीचं काय?

अलीकडे तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आली आहे. आपल्याकडे पाणी प्यायच्या भांड्याचं नावच तांब्या, तेव्हा ही गोष्ट नवी नाही. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जंतू मरतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे. साधं, स्वच्छ पाणी रात्रभर स्वच्छ तांब्याच्या भांड्यात ठेवून सकाळी प्यायला निरोगी माणसाला हरकत नाही. पण त्यात लिंबू पिळू नका, सरबत, ताक, फळांचा रस भरू नका, गरम चहा-कॉफी नको. इफ्तारसाठी रूहअफजा-लिंबाचं सरबत करायचं तर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा, मग ती तांब्याची सुरई दस्तरखानावर कितीही शोभून दिसत असो. मुलांच्या डब्याबरोबर तांब्याची बाटली देत असाल तर आत काय भरलं आहे ते रोज बघा. मुलं वाटेत लिंबूपाणी भरून घेतात.

बाटलीच्या आत हिरवे-निळे ठिपके दिसले तर ती चिंचेने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, कोरडी करूनच पुन्हा वापरा. विल्सन नावाचा आनुवंशिक आजार असलेल्यांच्या शरीरातून तांबं बाहेर टाकलं जात नाही. त्यांनी तांब्याची भांडी अजिबात वापरू नयेत.

मुलांसाठी घरचा प्रयोग

तांब्याच्या तारेचे तीन तुकडे घ्या. ते चिंच-मिठाने चकचकीत करून धुवा, पुसा. पहिला तुकडा कोरड्या बशीत ठेवा. दुसरा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदात गुंडाळून ठेवा. तिसऱ्यासाठी एका बरणीत तळाशी थोडा सिरका घाला, तार सिरक्यात न बुडता वर लटकेल अशी बांधा आणि झाकण लावा. तीन-चार दिवस रोज बघा आणि वहीत रंग लिहून ठेवा. पहिला तुकडा जवळजवळ तसाच राहील. दुसऱ्यावर हळूहळू डाग धरतील. तिसऱ्यावर निळसर-हिरवा जंगार दिसेल. तो तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून थेंबाला रंग येतो का तेही पाहा. हात धुवा, काहीही तोंडात घालू नका, आणि ती बरणी पुन्हा खाण्यासाठी वापरू नका.

या प्रयोगानंतर मुलांना कळंकाचा धडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

शेवटी नातीच्या सवालाचं थोडक्यात उत्तर देते. पुतळा घासायचा नाही, कारण त्याचा हिरवा विरघळत नाही. तो घासून काढला तर तांबं पुन्हा उघडं पडेल आणि पुन्हा झिजेल. देग मात्र घासायची आणि कल्हई करायची, कारण तिच्यातला हिरवा विरघळतो आणि आपल्या माणसांच्या पोटात जातो. बाळाचं दूध स्टीलमध्ये, आंबट पदार्थ स्टील, काच किंवा चिनी मातीत, बिर्याणी ताज्या कल्हईच्या देगीत, आणि तांब्यात फक्त साधं पाणी. एवढं पाळलं तर दादीची देगही घरात सुखाने नांदेल.

पुढच्या महिन्यात लोखंडी तव्याबद्दल बोलू. आपले सवाल नेहमीप्रमाणे संपादकांच्या पत्त्यावर पाठवत राहा. अल्लाह हाफिज.